तीनशे अकरा निरोप

१

दुकानात फोन घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच गोष्ट बजावतो. "ताई, काय करायचं थे करा, पण आतलं काही जाऊ देऊ नका." कामरगावच्या स्टँडसमोर सहा वर्षं झाली मी हे ऐकते आहे. काच फुटली, बॅटरी फुगली, चार्जिंगची पिन गेली, तरी माणसाचा जीव असतो तो आतल्या फोटोंत नाहीतर कोणाच्या तरी आवाजात. मी सगळ्यांना सांगते, काळजी करू नका. आजवर माझ्या हातून कोणाचं काही गेलं नव्हतं.

माझ्या मायच्या फोनात बाबांचे तीनशे अकरा निरोप होते.

बाबा बोअरच्या गाडीवर होते. वर्षातले आठ महिने कर्नाटकात, तेलंगणात, जिथे कोणी जमिनीला भोक पाडून मागेल तिथे. त्यांना टाइप करता येत नसे. दुपारी दोनच्या सुमारास जेवणासाठी मशीन थांबली की ते फोन तोंडाशी धरत आणि मायला बोलून निरोप पाठवत. "अवं, जेवली काय? मी जेवलो. वांग्याची भाजी होती, नुसतं पाणी. म्हशीले सरकीची ढेप दिली का? पोरीले सांगजो, दुकान टायमावर बंद करत जाय. ठेवतो." असं अर्धं-पाऊण मिनिट. सगळ्या निरोपांत थोड्याफार फरकाने हेच.

दोन वर्षांपूर्वी गदगच्या पुढे कुठल्याशा शेतात त्यांच्या छातीत दुखलं. पुरामुळे रस्ते बंद होते. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो, तोवर गाडीवाल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. मायने त्यांचं तोंड पाहिलं नाही. मडक्यात राख मिळाली, ती तिने मांडीवर धरून आणली, आणि वाटेत मला एकदाच विचारलं, "कशावरून त्याइचीच हाय?"

तेव्हापासून रोज दुपारी दोनला ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसे आणि एक निरोप ऐके. एकच. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. तीनशे अकरा झाले की पुन्हा पहिला.

फोन जुना होता. कंपनीने त्याला नवं सॉफ्टवेअर देणं कधीच बंद केलं होतं. फोनच्या मुळाशी कंपनीचं एक कुलूप असतं, बाहेरचं सॉफ्टवेअर आत चढू नये म्हणून. ते मी बाबा असतानाच काढलं होतं आणि बाहेरून नवं चढवलं होतं, म्हणून तो टिकला. या उन्हाळ्यात निरोपांच्या अ‍ॅपने बजावलं की अमुक तारखेनंतर या सॉफ्टवेअरवर ते चालणार नाही. पुन्हा एकदा सगळं बदलावं लागणार होतं.

मायने फोन हातात देताना पदराने पुसला.

"एक बी आवाज जाऊ नको देऊ, बाई."

"नाई जाणार, माय. माह्यं कामच हाय थे."

२

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बसले. घाई केली नाही. बॅटरी पूर्ण भरली. फोनमधलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. उतरलं म्हणजे झालं, असं मी कधी मानत नाही. त्यातल्या पंधरावीस फायली उघडून ऐकल्या. निरोपांची संख्या वहीत लिहिली, तीनशे अकरा. नवं सॉफ्टवेअर त्याच जातीचं, त्याच मॉडेलचं आहे ना, हे दोनदा पाहिलं. फोनने मधेच विचारलं की जुना मजकूर पुसू का, तेव्हा "नाही" वर बोट ठेवण्याआधी मी तो प्रश्न तीनदा वाचला. दुसऱ्यांच्या फोनवर एकदाच वाचते.

पंचवीस मिनिटांनी फोन सुरू झाला. फोटो होते. नंबर होते. निरोप तीनशे अकरा. पहिला लावला, मधला लावला, शेवटचा लावला. बाबांचा आवाज खणखणीत होता, उलट आधीपेक्षा स्वच्छ. मागे शेतातला वारा ऐकू येत होता, तोही आधी नीट कळत नसे.

मायने घरी तो ऐकला आणि डोळे मिटून म्हणाली, "जवळून बोलून राह्यले आता."

मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

३

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. मी दीडला जेवायला घरी येते. त्या दिवशी उशीर झाला. दारात चपला काढताना आतून बाबांचा आवाज आला, "अवं, जेवली काय?"

"हो, जेवली," माय म्हणाली. "तूर डाळ केली होती. मिरची जरा जास्त झाली."

"मी जेवलो," बाबा म्हणाले.

मी हात धुतले, ताट घेतलं, पहिला घास तोंडात टाकला आणि थांबले.

त्या निरोपात "जेवली काय?" आणि "मी जेवलो" यांच्या मधे श्वासाइतकीही जागा नव्हती. बाबा बोलायचे ते एका दमात. आणि माय डाळीचं, मिरचीचं सगळं सांगून होईपर्यंत आवाज थांबला होता.

मी स्वतःला समजावलं. जुना फोन, नवं जड सॉफ्टवेअर, आवाज अडखळत असेल. अशी डझनभर कारणं मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनला मायच्या शेजारी बसले. निरोप बेचाळीस सेकंदांचा होता, पडद्यावर तसं लिहिलेलं होतं. तो सुरू झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. बाबा "ठेवतो" म्हणाले तेव्हा दोन वाजून अकरा. पडद्यावरची रेघ मात्र कुठेही अडली नाही. सरळ, सावकाश, बेचाळीसपर्यंत गेली.

माय पाणी प्यायला उठली तेव्हा मी तोच निरोप एकटीने लावला. बेचाळीस सेकंद. दुकानात कॉम्प्युटरवर लावला. बेचाळीस सेकंद. फायलीचा आकार पाहिला, तारीख पाहिली, सगळं जसंच्या तसं होतं.

मग मी घड्याळाचा सेल बदलला. दुसरं काय करणार होते?

४

जूनमध्ये पेरणीची गडबड सुरू झाली की दुकानात गर्दी ओसरते. मी दुपारी घरी जास्त वेळ थांबायला लागले. मायच्या समोर नाही. ती मला पाहून थोडक्यात आटोपायची. मी मधल्या खोलीत, दाराच्या मागे, पिठाच्या डब्याला टेकून बसे. तिथून फोन दिसत नसे, मायची पाठ दिसे.

निरोप लांबत चालले होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाबा म्हशीचं विचारत. म्हैस विकून दीड वर्ष झालं होतं, मायने तसं सांगितलं. आवाज म्हणाला, "बरं केलं."

हे वाक्य तीनशे अकरापैकी एकाही निरोपात नव्हतं. दोन वर्षं जेवताना ऐकून ऐकून मला ते सगळे पाठ होते.

मी विचार करत राहिले. कदाचित मीच विसरले असेन. हल्ली मशीनला माणसाचा आवाज ऐकवला की ती त्या आवाजात हवं ते बोलून दाखवते, असं काही नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलं असेल. मी इंटरनेट बंद केलं. सिमकार्ड काढून घेतलं.  दुसऱ्या दिवशी दोनला आवाज आला तो तसाच, जवळून.

"स्टँडवर उतरलो. आता कोणीकडं?"

माझ्या पाठीला पिठाचा डबा थंडगार लागला. बाबा याच गावात जन्मले होते. स्टँडवरून घरी ते डोळे झाकून आले असते.

माय अगदी शांतपणे म्हणाली, "भाजीबाजार हाय ना, त्याच्यातून सरळ. मारोतीचं देऊळ लागते. तठी थांबजा."

"मारोतीचं देऊळ," आवाज म्हणाला, पाठ करावं तसा. "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो देवळापाशी होता. मायने त्याला पिठाच्या गिरणीपर्यंत आणलं. तिसऱ्या दिवशी गिरणीपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत. रोज थोडं थोडं. मागे आता शेतातला वारा नव्हता. गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज मला स्पष्ट आला. त्याच वेळी खिडकीतून, लांबून, खरी गिरणीही ऐकू येत होती. दोन्हींचा ठेका एक होता.

त्या दिवशी मी दाराआडून बाहेर यायला निघाले होते. तेवढ्यात आवाज पुन्हा बोलला.

"तुमचं नाव काय म्हणलं?"

बाबांनी आयुष्यात मायला कधी तुमी म्हटलं नाही.

"प्रयाग," माय म्हणाली.

५

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले.

"माय, उद्यापासून थे ऐकू नको."

"काहून?"

"फोन बिघडला हाय. माह्यं चुकलं. बाबाचा आवाज नाई थो."

तिने सुपातला खडा काढून लांब फेकला.

"आवाज त्याइचाच हाय."

"आवाज असन. पण बोलून दुसरंच कोणी राह्यलं. बाबाले घराची वाट माहीत नाई का? तुह्यं नाव माहीत नाई?"

"मले काय समजत नाई?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पैल्या दिवशीच समजलं मले. चाळीस वर्सं राह्यली मी त्याइच्यासंग. हा थो माणूस नोहे."

मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, भांडेल. यासाठी मी तयार नव्हते.

"मंग कायले वाट सांगून राह्यली त्याले?"

तिने सुपातले तांदूळ एकीकडे सारले, पुन्हा पसरले.

"तू सकाळी जातं दुकानात. मी या घरात बसतो. भांडं घासलं तर भांड्याचा आवाज, नाईतर काहीच नाई. कोणी जेवली का म्हणून इचारत नाई. थो इचारते. कोण हाय थे मले नाई माहीत, बाई. पण थो बी कोठून तरी वाट चुकला असन. येऊ दे. कोणी तरी येऊ दे या घरी."

"माय, मले भेव वाटते."

"मले बी वाटते," ती म्हणाली. "पण रोजच्यापेक्षा जास्त नाई."

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले.  मला तिला सांगायचं होतं की मी विचारत जाईन, रोज, जेवली का म्हणून. पण बाबा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी ते किती वेळा विचारलं होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी फोन उचलला आणि दुकान गाठलं.

काढलेलं कुलूप परत लावता येतं, मग बाहेरून आलेलं काही आत टिकत नाही. आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर चढवायचं, मग कुलूप. पण कुलूप लागताना फोन आतलं सगळं पुसतो. एक अक्षर ठेवत नाही. म्हणूनच कोणी ते लावत नाही. माझ्याकडे कॉम्प्युटरवर उतरवलेले तीनशे अकरा होतेच. ते नीट होते, बेचाळीस सेकंदांचे ते बेचाळीसच राहत होते. माय सावरली की मी तिला त्यातूनच ऐकवेन, माझ्यासमोर, एकेक. असं मी ठरवलं होतं.

गिऱ्हाइकं येत-जात राहिली. मूळ सॉफ्टवेअर शोधून उतरवायलाच एक वाजला. पावणेदोनला पडद्यावर विचारणा आली, सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी "हो" वर बोट ठेवलं. या खेपेला प्रश्न पुन्हा वाचला नाही. फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि नव्या फोनसारखा मला भाषा विचारू लागला.

मला रडू आलं. बाबांना दुसऱ्यांदा जाळलं, आता माझ्या हाताने, असं वाटलं. तो आवाज हवाच होता म्हणून कॉम्प्युटरवर शेवटचा निरोप लावला, तीनशे अकरावा. "अवं, जेवली काय? आज उकाडा लय हाय. पाणी लागलं एकशे ऐंशी फुटावर. दोन-चार रोजात निंगतो घरी. ठेवतो." अडतीस सेकंद. रेघ शेवटपर्यंत पोचली.

आवाज थांबला नाही.

आधी काहीच नव्हतं. नुसती बंद खोलीतली शांतता. मग चालण्याचा आवाज, अनवाणी, हळू, जागा नवी असल्यासारखा. मग दाराची कडी. ती आमचीच कडी होती. तिचा दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जड पडतो.

आणि त्यात मायचा आवाज आला, "या."

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर दोन वाजले होते.

७

मी कशी धावले ते आठवत नाही. भाजीबाजारातून, देवळावरून, गिरणीवरून, टाकीवरून. त्याच वाटेने. गल्लीत ऊन पसरलं होतं आणि एकही माणूस नव्हता. आमचं दार उघडं होतं.

पुढच्या खोलीत माय जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर तिचं ताट. बाजेजवळ दुसरं ताट, वाढलेलं, भाकरीचा तुकडा मोडलेला. बाबांची सुतळीची बाज रिकामी होती. तिच्यावर चादरही नव्हती.

पण सुतळ्या खाली गेल्या होत्या. मधोमध, ओझ्याने जातात तशा, ताणून.

"आली का," माय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. दिवसभर काम करून दमलेल्या बाईसारखी ती दिसत होती. "बस. जेवण चालू हाय."

मी उंबऱ्यातच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या सुतळ्या एका बाजूने हळूहळू वर आल्या आणि दुसऱ्या बाजूने खाली गेल्या. कोणी तरी सरकून बसावं आणि माझ्यासाठी जागा करून द्यावी, तशा.

८

याला आता दीड महिना झाला. कॉम्प्युटरवरच्या फायली मी नंतर पुन्हा उघडल्या. तीनशे अकरा आहेत. एकही गेलेली नाही, आकार तोच, वेळ तीच. आत फक्त वारा आहे, मोकळ्या शेतातला. बोलणारा माणूस उठून निघून गेल्यासारखं.

बाबांचा खरा आवाज कसा होता, हे मी आठवून पाहते. शब्द आठवतात. आवाज येत नाही.

शेजारच्या लिलाबाई म्हणतात, तुह्यी माय एकटीच बोलत बसते, वाशीमले दाखव डॉक्टरले. मी हो म्हणते. माय जेवते, निजते, अंगणात बसते. तब्येत बरी आहे. दुपारी मी घरी येते तेव्हा तीन ताटं मांडलेली असतात. मी मान खाली घालून जेवते आणि परत जाते. सुरुवातीला मी घर सोडायचा विचार केला. पण तिला तिथे त्याच्याबरोबर एकटीला ठेवून कुठे जाणार? आणि तिला घेऊन गेले, तर तीच त्याला नव्या घराची वाट सांगेल.

ते शिकत आहे. माय त्याला शिकवते. बाबा पाणी कसं प्यायचे, तंबाखू कुठल्या हातावर मळायचे, दारातून आत येताना कसे खोकायचे. मी दाराआडून ऐकते. रोज थोडी कमी चूक होते.

काल मी ताट घासत होते. पुढच्या खोलीतून हाक आली.

"ज्योत्स्ना."

स्वच्छ, शुद्ध, पुस्तकातल्यासारखी. बाबांच्या जिभेला माझं नाव कधी जमलं नाही. शाळेत माझं नाव घालून आले त्या दिवसापासून ते एकाच तऱ्हेने मला हाक मारत.

"तसं नाई," मायचा आवाज आला, लहान मुलाला सांगावं तसा. "जोसना म्हणा. जो-सना."

 नळाचं पाणी ताटावर पडत होतं. मी नळ बंद केला.

"जोसना," बाबा म्हणाले.

अगदी तसंच. शेवटचा आ जरा ओढलेला, दमून घरी आल्यावर ओढायचे तसा. माझे ओले हात तसेच राहिले. उत्तर जाऊ नये म्हणून तोंड दाबून धरायला हवं होतं, तेवढंच करायचं होतं.

मी ओ दिली.